अकराचं ॲव्हरेज

"प्लग नवे टाकले म्हणता, मग जुने कुठं आहेत?"

हणमंत लोहाराच्या गॅरेजमध्ये उभी राहून मी हे विचारलं तेव्हा माझा आवाज चांगलाच चढला होता. शेजारच्या टायरवाल्यानं हातातलं काम थांबवून आमच्याकडं बघितलं. हणमंतदादानं फडक्याला हात पुसले, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून चार काळे पडलेले प्लग काढले आणि बॉनेटवर ओळीनं मांडले.

"हे बघा, ताई."

"हे आमच्याच गाडीचे कशावरून?"

त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांनी काहीतरी बोलावं, एकतर मला गप्प करावं किंवा माझी बाजू घ्यावी, असं मला वाटत होतं. ते वाकून पुढचा टायर बघत राहिले.

"तिसऱ्यांदा गाडी आणलीय," मी म्हणाले. "एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, आता प्लग. अठराचं ॲव्हरेज अकरावर आलंय आणि तिथंच आहे. गाडी तुमच्याकडं मुक्कामाला असते तेव्हा टाकीतलं पेट्रोल तरी जागेवर राहतं का?"

टायरवाला आता उघडच ऐकत होता. हणमंतदादाचा चेहरा उतरला. त्यानं चारही प्लग गोळा करून पुन्हा डब्यात टाकले.

"आजचा दिवस गाडी ठेवा," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

चालत घरी येताना आप्पा माझ्या मागं पडत होते. मला वाटलं, त्यांना माझा राग आलाय.

"तुम्ही एक शब्द बोलला नाहीत," मी थांबून म्हणाले.

"काय बोलू? माणूस चांगलाय तो."

"मग पेट्रोल जातंय कुठं?"

"पेट्रोलच पातळ येतंय हल्ली," आप्पा म्हणाले आणि चालू लागले.

याला आता बारा वर्षं झाली. आम्ही पाटणला राहत होतो. मी तिथल्याच हायस्कुलात गणित शिकवायचे. वय चौतीस, लग्न केलेलं नव्हतं. भाऊ पुण्याला नोकरीला. घरात मी, आप्पा आणि आई. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी कराडला न्यावं लागायचं. जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. त्यासाठीच आप्पांनी निवृत्तीनंतर ही जुनी छोटी गाडी घेतली होती. मला स्कुटी सोडून काही चालवता येत नव्हतं आणि शिकायची गरजही कधी वाटली नव्हती, कारण घरात आप्पा होते.

आप्पांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. पाटण डेपोत पानस्कर ड्रायव्हर म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगायचे. एक, या माणसाच्या हातून कोंबडीसुद्धा मेली नाही. दुसरी, डिझेल. एसटीत प्रत्येक ड्रायव्हरचं ॲव्हरेज काढतात, दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली ते बघतात. आप्पांचं नाव त्या यादीत कायम वरच्या दोघा-तिघांत असायचं. घाटातसुद्धा. "गाडी दामटायची नसते, तिला जाऊ द्यायचं असतं," असं ते नव्या पोरांना सांगायचे.

म्हणून अकराचा आकडा मला सहन होत नव्हता. पेट्रोलच्या खर्चाचं एवढं काही नव्हतं, माझा पगार होता. मला भीती होती ती गाडी वाटेत बंद पडण्याची. गाडीचं आतून काहीतरी बिघडत चाललंय, एक दिवस आई मागं-पुढं काही नसलेल्या जागी अडकून पडेल, असं सारखं वाटायचं. आणि ज्यांना यातलं सगळ्यात जास्त कळत होतं ते आप्पा मात्र या विषयावर गप्प होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हणमंतदादा शाळेच्या फाटकाशी आला. कालच्या बोलण्यानंतर तो शाळेत येईल असं मला वाटलं नव्हतं. मी बाहेर गेले.

"काल संध्याकाळी मी स्वतः गाडी घेऊन कराडला जाऊन आलो," तो म्हणाला. "टाकी फुल करून गेलो, आल्यावर परत फुल केली. साडेअठरा पडलं."

"म्हणजे दोष निघाला?"

"दोष नव्हताच, ताई."

"असं कसं? मग अकरा कसं पडतंय?"

त्यानं खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढला. त्यात ब्रेकची दोन पॅडं होती, बिस्किटासारखी पातळ झालेली, कडेनं निळसर करपलेली.

"गणपतीत नवी टाकलीवती. चार महिनं झालं. एवढ्यात ही दोन-तीन वर्षं जायला पायजेत."

"म्हणजे ब्रेक खराब आहेत."

"ब्रेक चांगलं हायेत." तो कागद परत गुंडाळत राहिला. माझ्याकडं बघत नव्हता. "मंगळवारी आप्पा निघालं की तुम्ही स्कुटीवर मागनं जावा. मल्हारपेठेपतूर. पुढं जाऊ नका, मागंच राहा."

"कशासाठी?"

"तुमचं तुम्ही बघा. माझ्या तोंडानं नको."

मला त्याचा राग आला. चोरी पकडली गेली म्हणून हा आता काहीतरी गूढ बोलतोय, असंही एकदा मनात आलं. तरी मंगळवारी मी मुख्याध्यापकांना उशिरा येते म्हणून कळवलं. आई-आप्पा साडेसहाला निघाले. मी पाच मिनिटं थांबून स्कुटी काढली आणि गावाबाहेर त्यांना गाठलं.

जानेवारीची थंडी होती. कोयनेवरून धुकं येऊन रस्त्यावर पसरलं होतं. त्या धुक्यात आमच्या गाडीचे मागचे दिवे लाल दिसत होते. पहिला किलोमीटरभर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग रस्ता सरळ आणि मोकळा झाला. पुढं गाडी नाही, माणूस नाही, जनावर नाही. दिवे तसेच. छोटा चढ आला. चढावरसुद्धा दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे भडक पेटलेले.

मला वाटलं, स्वीच अडकला असेल. पण दिवे अधूनमधून विझत होते. गाडी गिअर बदलताना जरा अडखळायची, तेवढ्यापुरते विझायचे आणि लगेच पुन्हा लागायचे.

लहानपणी सुट्टीत मी आप्पांच्या एसटीत इंजिनाशेजारच्या बाकावर बसून फिरायचे. खिडकीबाहेर बघण्यापेक्षा मला त्यांचे पाय बघायला आवडायचं. डावा पाय क्लचचा. उजवा पाय ब्रेकचा आणि ॲक्सिलरेटरचा, एकावरून दुसऱ्यावर जाणारा. गिअर टाकताना डावा पाय क्लचवर जातो. आणि इथं बरोबर तेव्हाच ब्रेकचे दिवे विझत होते.

म्हणजे ब्रेकवर त्यांचा डावा पाय होता. पूर्ण वेळ. ते एका पायानं गाडी पळवत होते आणि दुसऱ्या पायानं धरून ठेवत होते.

हे माझ्या डोक्यात पुरतं उतरायच्या आत नवारस्ता हे गाव मागं पडलं होतं. पुढं डाव्या हाताच्या शेतातून उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर चढत होता, मागं दोन ट्रॉल्या. आप्पांना तो लांबूनच दिसला असणार. गाडीचा वेग कमी झाला, गिअर बदलला, दिवे विझले. आणि विझलेलेच राहिले. गाडी थांबायला हवी होती, ती तशीच ट्रॉलीकडं सरकत गेली. मग एकदम उजवीकडं वळली, ट्रॉलीच्या शेवटच्या टोकाला चाटून गेल्यासारखी पलीकडच्या कच्च्या कडेवर उतरली, दोन हिसके खाल्ले आणि बंद पडली. पुढचं चाक चरात गेलं होतं.

समोरून त्या वेळी काही आलं नाही. एवढंच.

मी स्कुटी टाकून धावत गेले. आईनं काच खाली केलेली होती. तिच्या मांडीवरची पिशवी पायाशी सांडली होती.

"उजू? तू इथं कशी?" ती म्हणाली.

आप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. डावा पाय क्लचवर होता. उजव्या पायातली चप्पल निसटून ब्रेकच्या खाली आडवी अडकली होती आणि आप्पा त्याच पायानं, अनवाणी, अजूनही ब्रेक दाबत होते. चप्पल गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

"आप्पा, चप्पल."

त्यांनी खाली बघितलं.

मी वाकून चप्पल काढली आणि त्यांच्या तळव्याला हात लावला. "कळतंय का?"

"नाही," ते म्हणाले.

"इथं?"

"नाही गं. घोट्यापर्यंत काही नाही."

"कधीपासून?"

"आषाढापासून. आधी मुंग्या यायच्या."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. साखरेनं नसा गेल्या म्हणाले."

"आणि गाडी चालवायची का, ते विचारलंत?"

"नाही विचारलं," आप्पा म्हणाले. "विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं."

ट्रॅक्टरवाला उतरून आला होता. तो आप्पांना ओळखत होता. "काय झालं ड्रायव्हर, चक्कर आली का?" त्यानं विचारलं. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं मिळून गाडी चरातून वर ढकलली. गाडीला काही झालं नव्हतं.

आप्पांनी घड्याळ बघितलं. "आठला मशीन लागतं तिचं," ते म्हणाले. "चल, बस मागं. हळू नेतो."

त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. मी आत हात घालून चावी काढून घेतली.

"उज्ज्वला, चावी दे."

"नाही."

"आईला उशीर होईल."

"होऊ दे."

आयुष्यात मी त्यांना असं कधी नाही म्हटलं नव्हतं. मी चावीवर मूठ आवळली.

कराडकडं जाणारं एक वडाप आलं. जीपमध्ये आधीच दहा-बारा माणसं होती. मी हात केला, परिस्थिती सांगितली. पुढच्या सीटवरच्या दोन बायका उतरून मागं गेल्या आणि आईला जागा झाली. मी तिच्यासोबत निघाले. जाता जाता हणमंतदादाला फोन केला. ज्याला चार दिवसांपूर्वी चारचौघांत चोर म्हटलं होतं त्याला. तो एवढंच म्हणाला, "आप्पा बरं हायेत ना? निघालो मी."

वडापच्या आरशातून मला आप्पा दिसत होते. रस्त्याच्या कडेला गाडीला टेकून उभे. एक चप्पल पायात, एक हातात.

हॉस्पिटलमध्ये आईचं मशीन चालू झालं. मी शेजारच्या स्टुलावर बसले.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले होते. "मी शेजारी असते ना. समोर काही आलं की त्यांच्या मांडीवर हात ठेवते. हात ठेवला की दाबतात."

"आई, अगं हे काय चालवलं होतं तुम्ही दोघांनी? कुणीतरी मेलं असतं. तू, ते, रस्त्यावरचं एखादं पोर."

"हो," ती म्हणाली. "मला दर खेपेला तेच वाटायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

मशीनमधून तिचं रक्त फिरून परत येत होतं.

"बत्तीस वर्षं दुसऱ्यांची माणसं पोचवली त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या वेळेला त्यांच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यायला माझा जीव होईना."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण पलीकडच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते आणि तिच्या हातात सुया होत्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आप्पा माझ्याशी बोलेनात. जेवायला बसले तरी ताटाकडं बघून जेवायचे. चावी मी शाळेच्या पर्समध्ये ठेवायचे आणि याची मला लाज वाटायची. एकदा ते म्हणाले, "चालवणार नाही. नुसती दे माझ्याजवळ." मी तेव्हाही दिली नाही. ते उठून बाहेर गेले. आईनं त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही, माझं मी घेतलं.

मंगळवारी हणमंतदादा गॅरेज बंद ठेवून आईला न्यायचा, शुक्रवारी त्या वडापवाल्यालाच सांगितलं होतं. मी गाडी शिकायला लागले. पाटणातल्या मोटार स्कूलच्या गाडीवर, शाळा सुटल्यावर.

हणमंतदादाची माफी मागायला मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये कुणी नव्हतं.

"दादा, त्या दिवशी मी नको ते बोलले."

"ऱ्हाऊ द्या."

"राहू कसं देऊ? तुम्हाला पॅडं बघितल्यावर कळलं होतं. त्याच क्षणी माझ्या तोंडावर सांगायचं होतं."

तो खाली बसला. हातातला पाना त्यानं जमिनीवर ठेवला.

"पॅडं बघायच्या आधीच कळलं हुतं, ताई. दिवाळीत आप्पा गाडी घेऊन आले तवा चाकाला हात लावला नि पोळला. मी विचारलं. तर आप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, पोरीला सांगू नको, तुला माझी शपथ हाय. ह्या माणसानं मला लहानपणी फुकट एसटीतनं शाळेला नेलंय. मी काय करणार? मी आपलं प्लग बदलत बसलो, फिल्टर बदलत बसलो."

"दिवाळीपासून?"

"व्हय."

"आणि आई त्या गाडीत बसत होती."

त्यानं मान खाली घातली. "तेच खातंय मला. तुम्ही चोर म्हणालात त्याचं काय वाटलं न्हाई. वाटलं, बरं झालं, कुणीतरी शिव्या घातल्या."

मी माफी मागायला आले होते, आणि आता त्याच्यासारखीच खाली बसले. मग एक मोटारसायकलवाला पंक्चर घेऊन आला आणि मी उठले.

त्याच आठवड्यात, मी वह्या तपासत होते तेव्हा आप्पा माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"क्लच अर्धाच सोडतेस तू," ते म्हणाले. "परवा चौकात बघितलं मी. गाडी धरून ठेवू नये."

मी वर बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते. ते चौकटीला धरून उभे राहिले.

"त्या दिवशी गॅरेजात तू हणमंताला बोललीस," ते म्हणाले. "तो माझ्याकडं बघत होता. मी टायर बघत होतो. टायरात काय होतं बघण्यासारखं?" त्यांचा आवाज फुटला. "एसटीत असताना एखाद्या ड्रायव्हरनं आपली चूक मेकॅनिकवर ढकलली तर मी त्याच्यासोबत चहा घ्यायचो नाही, उजू."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हातानंच मला थांबवलं. "काल गेलो होतो त्याच्याकडं," ते म्हणाले. "त्याला सांगून आलो. टायरवाल्यासमोर सांगितलं." आणि ते आपल्या खोलीकडं गेले. तो पाय जरा ओढत, भिंतीला हात लावत. ते असे चालतात हे तोवर मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला लायसन मिळालं. पहिल्या शुक्रवारी मी आईला घेऊन निघाले तेव्हा आप्पा कपडे करून अंगणात उभे होते. ते येणार असल्याचं कुणी बोललं नव्हतं. आई नेहमीसारखी पुढं बसली. त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसले, दार ओढून घेतलं.

मी घाबरले होते. परीक्षा घेणाऱ्या साहेबासमोर एवढी घाबरले नव्हते. गाव सुटेपर्यंत दोनदा गाडी बंद पडली. मागून सूचना येतील, निदान सुस्कारा तरी येईल म्हणून माझे कान तिकडंच होते. मागून काही आलं नाही. नवारस्ता आला, गेला. एका बैलगाडीमागं मी फार वेळ रेंगाळले, मागच्या जीपनं हॉर्न वाजवला, तरी आप्पा बोलले नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीत बसवत नाही. आप्पा तर पाहुण्यांच्या गाडीतही ताठ बसायचे, नजर रस्त्यावर, पाय नकळत खाली दाबत.

मल्हारपेठ ओलांडल्यावर मला राहवलं नाही.

"आप्पा, बरोबर चालवतेय ना?"

उत्तर नाही. मी आरशात बघितलं. त्यांची मान काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. एक हात सीटवर उताणा पडला होता.

"आई, बघ गं, बरं आहे ना त्यांना?"

आई कष्टानं मागं वळली. बघत राहिली. मग पुन्हा सरळ बसली आणि पदर खांद्यावर नीट घेतला.

"झोपलेत," ती म्हणाली. "आषाढापासून एक रात्र धड झोपले नव्हते. नको उठवू. सावकाश चालव."